यादीतलं पहिलं नाव

विषय निवडण्याआधी सिलॅबस वाचून बघणारी मुलं दिसली, की मला काळजी वाटते. एवढ्या कोवळ्या वयात इतका संशयी स्वभाव बरा नव्हे.

नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं आणि सत्राला २२ क्रेडिट जमवणं सुरू झालं: मेजर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी. ही अक्षरं ज्याला न अडखळता म्हणता आली, त्याला निम्मी पदवी तिथेच द्यायला हरकत नव्हती. क्रेडिट बँकेत जमा होतात हे ऐकून आमच्या मेहुण्यांनी व्याजाचा दर विचारला. प्रश्न चुकीचा होता, असं मला अजूनही वाटत नाही.

त्यातही ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे ज्यातलं काही कळत नाही, त्यातूनच निवडायचं. अशा ठिकाणी डोकं चालवणं हा शुद्ध उद्धटपणा. म्हणून भाच्याचं मला कौतुक. बी.एस्सी.च्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला तो सायबर कॅफेत गेला. सर्व्हर दोनदा बसला, तिसऱ्यांदा यादी उघडली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने.

“पहिलं अकाउंटिंग आलंय. ठेवू?” कॅफेवाल्याने मान वर न करता विचारलं. मागे नऊजण उभे.

“ठेवा दादा.”

फॉर्मचे पन्नास, प्रिंटचे दहा.

शनिवार मोकळा मिळतो का, ते बघून निवडणारेही थोरच; पण ते निदान वेळापत्रक तरी वाचतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडी शंका आहे.

महाविद्यालयं चालतात ती भाच्यासारख्यांमुळे. यादीत विषय कितीही असोत, चालणार तेच, ज्यांना शिकवायला माणूस आहे आणि त्या माणसाचा वर्कलोड भरायचा आहे. आवडीने टुरिझम मागणारी चार मुलं निघाली, की ऑफिसात चार अर्ज आणि चार पालक. मग ‘पुरेशी संख्या नाही’ अशी नोटीस लागते आणि त्यांनाही अकाउंटिंगलाच बसवतात. भाचा तिथे आधीपासून, पंख्याखालची जागा धरून.

दुसऱ्या सत्राचा फॉर्म आला. कॅफेवाल्याला गिऱ्हाईक बरोबर लक्षात राहतं.

“गेल्या टायमाला वरचं घेतलंस ना? मग आता खालून घेऊ.”