टाकायचाही नाही, चालवायचाही नाही

जुना कॉम्प्युटर घरात ठेवायला कुणाची हरकत नसते. हरकत असते ती चालवायला. विसरवाडीत आमच्या माळ्यावर एक कोअर टू ड्युओ पडून होता. नवापूरचं स्टेशन जसं निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत, तसा हा निम्मा घरात आणि निम्मा भंगारात. भंगारवाल्याला द्यायचं म्हटलं की नाना म्हणत, "चालू वस्तू कोणी टाकतं का?"

म्हणून त्याचा मीडिया सर्व्हर केला. लिनक्स फुकट, सर्व्हरचं सॉफ्टवेअर जेलीफिन तेही फुकट. लग्नांच्या डीव्हीडी, अहिराणी गाणी, नानांची कीर्तनं हार्डडिस्कवर भरायची आणि वायफायवरून टीव्हीला पुरवायची. इंटरनेट गेलं तरी कीर्तन थांबत नाही, ही यातली खरी मजा.

लाईट गेली की मात्र थांबतं. लाईट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा अशी सोय बायॉसमध्ये असते. ती सेटिंग मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलवर टिकते आणि आमचा सेल संपलेला. म्हणजे लाईट गेल्यावर काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त लाईट गेली की तो ते विसरतो. तारीखही 1 जानेवारी 2008 वर जाते. चुलतभावाचं लग्न 2014 चं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने अजून मुलगी बघणंही सुरू नाही. पडद्यावर सूचना येते : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-1 दाबा.

सेल लागतो सीआर-2032. दुकानात असतो 2025. "तोच लाव," दुकानदार म्हणाला, "नुसता जाडीचा फरक आहे." फरक 0.7 मिलिमीटरचा. तेवढ्यानेच सेल खाचेत खुळखुळतो आणि कॉम्प्युटर पुन्हा 2008 मध्ये.

आता नवी लग्नं आयफोनवर निघतात. सुरतेच्या भाचीने पाठवलेला हळदीचा व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ-फॉरमॅटमध्ये. हा प्रकार 2013 चा, प्रोसेसर 2006 चा. आमच्या टीव्हीला तो पचत नाही, म्हणून सर्व्हरने एकेक चित्र उलगडायचं आणि टीव्हीला चालेल अशा जुन्या पद्धतीत पुन्हा बांधायचं. पंखा किंचाळतो, मामीचा हळदीचा हात हवेतच अडकतो, गाणं पुढे निघून जातं. आई शांतपणे मोबाईल काढते आणि तोच व्हिडिओ त्यावर बघते.

नानांचा आक्षेप आर्थिक आहे. 70 वॉट धरले तर चोवीस तासांचे महिन्याला 50 युनिट. हिशेब मीच करून दिला, वहीत लिहून ठेवला त्यांनी. तेव्हापासून इन्व्हर्टर उतरला तरी सर्व्हर, वायफाय मंद तरी सर्व्हर. परवा मोटारीने पाणी कमी चढवलं, तेही त्याच्याच नावावर. रात्री झोपण्यापूर्वी नाना गॅस बंद करतात, कडी लावतात आणि सर्व्हरचं बटण दाबतात. "रात्री कोण बघतं?" प्रश्न बिनतोड आहे.

मी जुने कॉम्प्युटर कामाला लावतो, ही बातमी मात्र नातेवाइकांत पोचली. गेल्या रविवारी काका नवापूरहून रिक्षा करून आले, मागे डबा-मॉनिटरसकट सगळा संच. "तुले कामले यी," म्हणाले. "फक्त चालू होत नही, बाकी एक नंबर शे."