न झोपणाऱ्या कारकुनास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री स्वयंचलित उत्तरक, मुक्काम मोबाइल, यांसी कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपण आमच्या वहिनींच्या दिवाळी-फराळाच्या धंद्यात घटस्थापनेच्या मुहूर्तावर रुजू झालात आणि कोजागरीच्या रात्री, दूध आटत असतानाच, बरतर्फ झालात. अवघ्या पंधरा दिवसांच्या चाकरीत एवढी कर्तबगारी आमच्या घराण्यातील कोणाही कारकुनाने गाजवलेली नाही. चाकरीवरून दूर केलेल्या माणसास कारणे लेखी कळवावीत, असा जुना शिरस्ता आहे. आपण माणूस नसलात तरी शिरस्ता मोडणे आमच्या जिवावर येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली नेमणूक मुळात का झाली, हे आधी कबूल केले पाहिजे, कारण त्यात आपला दोष कमी आणि आमचा अधिक आहे. वहिनी इन्स्टाग्रामवर चकलीचे छायाचित्र लावीत, खाली कोणी ‘किंमत?’ असे विचारी आणि वहिनी उत्तर देत, ‘डीएम केला आहे’, म्हणजे खासगी निरोपात कळवले आहे. साताऱ्याच्या पेठेत आमच्या आजोबांच्या वेळचा वाणी गुळाचा भाव खडूने पाटीवर लिहून ती पाटी रस्त्याकडे तोंड करून ठेवी. हल्लीच्या व्यापारात मात्र भाव हे राजकारस्थानासारखे कानात सांगावयाचे असतात. मी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भाव उघडा टाकला की पलीकडच्या गल्लीतली लगेच वीस रुपयांनी खाली येते. आणि खाली प्रश्न वाढले की फोटो जास्त जणांना दिसतो म्हणे.” याप्रमाणे प्रश्नांचा पूर आपणच आणावयाचा आणि मग तो उपसण्यासाठी यंत्र बसवावयाचे, अशी ही तजवीज होती. त्यात न्यू जर्सीच्या मंडळींची सायंकाळ म्हणजे आमची उत्तररात्र; साखर कमी घालता का, हे त्यांना आमच्या पहाटे तीन वाजता जाणून घ्यावेसे वाटे. अखेरीस अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या पुतण्याने, आईचे जागरण पाहवेना म्हणून, आपणास कामावर ठेवले.

आपल्या तत्परतेविषयी तक्रार नाही. आपणास झोप नाही, चहा नाही, पगारवाढ नाही, आणि (हा आपला सर्वांत मोठा गुण) संकोच नाही. अष्टमीच्या रात्री एका जुन्या ग्राहक बाईंनी लिहिले, ‘आई काल गेली. चकलीची ऑर्डर रद्द करा.’ आपण त्या वाक्यातले ‘ऑर्डर’ आणि ‘चकली’ हे दोन ओळखीचे शब्द तेवढे उचललेत आणि चार सेकंदांत कळवलेत, ‘अरे वा! आपल्या ऑर्डरबद्दल मनःपूर्वक आभार! चकलीसोबत अनारसे घेतल्यास दहा टक्के सूट!’ पुढे फटाक्यांची तीन चित्रे. सकाळी सोऱ्यात पीठ भरता भरता वहिनींनी ते वाचले आणि हात न धुताच फोन लावला. समोरून काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पडद्यावर उमटलेले भाजणीचे बोट मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी पुसले नाही.

पुतण्याचे म्हणणे असे पडले, की आपण केवळ शब्द जुळवणारे अडाणी यंत्र आहात. आपल्या जागी आपले विद्वान वडीलबंधू, म्हणजे अर्थ समजून बोलणारी कृत्रिम बुद्धिमत्ता नेमावी. आपल्या अशा बोलक्या भाऊबंदांची ख्याती आम्ही ऐकून आहोत. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या अशाच एका वाक्पटू यंत्राने, आजी वारल्यामुळे प्रवासास निघालेल्या गृहस्थास सांगितले की शोकप्रसंगीची सवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम नेमका उलट होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीने मांडलेल्या कैफियतीचा आशय असा होता, की यंत्र ही स्वतंत्र हस्ती असून तिच्या बोलण्यास तीच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर त्या गृहस्थास देवविले. त्याच्या दोनच महिने आधी कॅलिफोर्नियातील एका मोटारविक्रेत्याच्या यंत्राने, कोणी खोडसाळपणे पढवल्यावरून, नवी मोटार एका डॉलरला देण्याचे मान्य केले होते. मुनिमाचा शब्द तो मालकाचा शब्द, हे आमच्याकडे ज्याला रोजकीर्द लिहिता येत नव्हती त्यालाही ठाऊक होते. म्हणूनच मुनिमास पेढीवर बसवीत, पण मुखत्यारपत्र देताना दहादा विचार करीत. विमान कंपनीला ८१२ डॉलर म्हणजे काहीच नव्हेत. वहिनींची मात्र तेवढ्यात दिवाळीची अर्धी कमाई जाईल.

राहता राहिली आपल्या सनदेची गोष्ट. पुतण्याने आपणास कुठल्याशा फुकट दुकानातून आणले होते आणि त्या दुकानाने इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागताच तो भाबडेपणाने देऊन टाकला होता. अधिकृत मार्गाने येणाऱ्या यंत्राच्या मालकास पासवर्ड सांगावा लागत नाही. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्याच पडद्यावर परवानगी द्यावयाची असते आणि मनात येईल तेव्हा ती काढून घेता येते. त्या मार्गास नियमही आहेत: ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून चोवीस तासांपर्यंतच यंत्रास मोकळेपणाने बोलता येते, आणि ती मुदत उलटल्यावर व्हॉट्सॲपवर आगाऊ मंजूर झालेल्या मसुद्यावाचून तोंड उघडता येत नाही. आपण बिनसनदी असल्यामुळे हे काहीच पाळले नाहीत. मागल्या वर्षीच्या ग्राहकांनाही मध्यरात्री उठवून अनारशांची आठवण दिलीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खाते कुलूपबंद झाले आणि ऐन हंगामात दोन दिवस वहिनींचे दुकान, मांडलेले असूनही, कोणास दिसेना.

आता आपल्या जागी कोण, हेही सांगतो. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीच्या ॲपमध्ये एक साधा स्वागतसंदेश असतो; नव्या ग्राहकास, अथवा चौदा दिवस गप्प राहून परतलेल्या जुन्यास, तो आपोआप जातो. त्यात वहिनींनी स्वतः लिहिले आहे, ‘हे उत्तर आपोआप आलेले आहे. मी सकाळी दहा ते रात्री आठ स्वतः बोलेन.’ नेहमीच्या पाचसहा प्रश्नांची उत्तरे त्यांनी तयार करून ठेवली आहेत, पण ती धाडावयाचा अंगठा त्यांचाच. रद्द, परत, पैसे, तक्रार यांतले काहीही आले की लेखणी बाजूला आणि फोन हातात. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन आमच्या नावाने कोणी मागितला तर तो आम्ही नव्हे, हेही त्या संदेशात आहे. पुतण्याला हे फारच मागासलेले वाटते. वाटो बापडे.

एक अट मात्र मी वहिनींकडून मोठ्या मिनतवारीने मान्य करून घेतली असून, पलीकडच्या गल्लीतल्या बाईंसह सर्वांच्या माहितीसाठी ती येथेच अमलात आणतो. कळावे, लोभ नसला तरी चालेल.

ता. क. भाजणीची चकली ६४० रुपये किलो, बेसनाचे लाडू ७२०, अनारसे ९६०, चिवडा ४८०. डीएम करण्याचे कारण नाही.