मुठीची वरची बाजू

पुण्यात हातमोजे दोन कारणांसाठी घातले जातात. एक, ऊन लागू नये म्हणून आणि दोन, ओळख पटू नये म्हणून. कोपराच्याही वर जाणारे पांढरे सुती मोजे, डोळ्यांपुरती फट ठेवून गुंडाळलेला स्कार्फ आणि त्या फटीवर गॉगल, अशा वेषात सख्खी भाची टिळक रोडवर आपल्याला कट मारून गेली तरी आपण मुकाट बाजूला व्हावं. त्या मोज्यांकडे कातडीचा रंग सांभाळायचं खातं आहे आणि ते खातं ते चोख चालवतात. कातडी सांभाळणं त्यांच्याकडे नाही. सुती कापड डांबराशी फार वेळ वाद घालत नाही.

पुरुषवर्ग उघड्या हातांनी गाडी चालवतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम डोक्याची काळजी घेतं आणि मानेपाशी थांबतं. त्या डोक्यासाठीही या गावाने केवढं रण माजवलं! हेल्मेटसक्तीविरुद्ध समित्या झाल्या, मोर्चे निघाले, पगड्या घालून माणसं रस्त्यावर उतरली. हातमोज्यांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. सक्ती नाही म्हणून विरोध नाही, विरोध नाही म्हणून चर्चा नाही, आणि ज्याची चर्चा नाही ते अस्तित्वात आहे असं मानायची आमच्याकडे पद्धत नाही.

पन्नाशीनंतर माणूस एकतर अध्यात्माकडे वळतो किंवा साडेतीनशे सीसीकडे. माझं पाठांतर कच्चं असल्यामुळे मी दुसरा मार्ग धरला. गाडी दारात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू गेलं, पेढे झाले. पेढे खायला मेव्हणाही आला. तो हाडांचा डॉक्टर आहे. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टाकीवर टिचकी मारली आणि मग माझं मनगट हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी असलेला खळगा दाबला.

"दुखतं?"

"नाही."

"आत्ता नाही दुखणार," तो म्हणाला आणि दुसरा पेढा उचलला.

त्या खळग्यात स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड राहतं. मनगटात अशी आठ छोटी हाडं असतात, त्यातलं हे सगळ्यात मानी. माणूस पडला की हात पुढे टाकतो. हे कोणी शिकवावं लागत नाही, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळालाही ते येतं आणि मग जन्मभर सुटत नाही. तेव्हा पडताना हात आवरून घ्यायचा, हा निश्चय घरी सोफ्यावर बसूनच करता येतो. हात पुढे जातो, तळव्याची टाच रस्त्यावर आपटते आणि सगळा भार त्या काजूवर येतो. त्याला रक्त पोचतं उलट्या बाजूने, म्हणून मोडलं की सांधायला ते आठवडेच्या आठवडे घेतं. कधी कधी पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही. मेव्हण्याने हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं, की आमची ही पेढ्यांचा डबा घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

हाताचं माप घ्यायची एक रीत आहे. ज्या हाताने आपण लिहितो तो घ्यायचा. अंगठा वगळून बोटांच्या मुळाशी, जिथे हात सगळ्यात रुंद असतो तिथे टेप फिरवायची आणि मधल्या बोटाची लांबी वेगळी मोजायची. "अहो, मूठ कशाला वळताय? आणि श्वास सोडा." हाताच्या मापाचा श्वासाशी संबंध नाही हे मी तिला सांगितलं नाही. आयुष्यभर ब्लाउजची मापं घेतलेल्या बाईला तसं सांगू नये. माप निघालं साडेआठ इंच. म्हणजे नेमकं मीडियम आणि लार्जच्या मधे. त्यात एका कंपनीचा लार्ज तो दुसरीचा मीडियम, आणि तिसरी कंपनी आठ, नऊ, दहा असे नंबर घालते. तेव्हा माप घरी घ्यायचं ते फक्त दुकानात आत्मविश्वासाने बोलता यावं म्हणून.

दुकानात शिरताच तिथल्या मुलाने विचारलं, "काका, राइड कुठली? लेह?"

"कोथरूड ते कॅम्प."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर करुणा उमटली, पण धंदा म्हणून त्याने ती आवरली आणि काचेच्या कपाटातून एक जोड काढला. बोटांच्या गाठींवर काळंभोर, चकचकीत कवच, त्यावर बारीक जाळी, कडेने लाल रेघ. मी हातात चढवला आणि मूठ वळून आरशापुढे धरली. खोटं कशाला बोलू, त्या मुठीत मला माझ्या पगारवाढीचा अर्जसुद्धा वेगळ्या सुरात करता आला असता. "केव्हलर आहे काका. बुलेटप्रूफ," मुलगा म्हणाला. केव्हलर खरंच गोळी अडवतं. स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ साली ते शोधलं तेव्हा त्यांची कंपनी टायरसाठी हलका आणि भक्कम धागा धुंडाळत होती. पण मोज्यात ते नेमकं कुठे आहे असं विचारल्यावर मुलाने बराच शोध घेतला, आणि अस्तराच्या आत पोस्टाच्या तिकिटाएवढा पिवळा तुकडा सापडला. गोळी मारणाऱ्याने नेम फार चांगला धरायला हवा होता.

मग मी मोजा उलटा केला आणि मला दुकानातल्या हाताचा आणि रस्त्यावरच्या हाताचा फरक कळला. वरची बाजू आरशासाठी असते, सिग्नलला शेजारी थांबलेल्या पोरांसाठी असते, फोटोसाठी असते. रस्त्याला भेटतो तो तळवा. आणि या जोडाचा तळवा म्हणजे पातळ कापडाचा एक थर, त्यावर रबराचे ठिपके. गाठींवरचं कवच निरुपयोगी असतं असं नाही. समोरून आलेला आरसा किंवा झुडपाची फांदी ते अडवतं. पण माणूस मुठीवर पडत नाही, ही साधी गोष्ट मोजे विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी मिळून विसरायचं ठरवलेलं दिसतं.

चांगल्या मोज्याच्या तळव्यावर, मनगटाच्या अलीकडे, कडक गुळगुळीत प्लॅस्टिकची चकती असते. तिला स्लायडर म्हणतात. मला आधी वाटलं, तळवा खरखरीत असावा, रस्त्याला घट्ट धरावा. मेव्हण्याने फोनवर समजावलं, की रस्ता हाताला धरून ठेवतो आणि बाकीचा माणूस पुढे जातो, तेव्हाच मनगट जातं. हात घसरला पाहिजे. आयुष्यात हात घसरण्याची शिफारस मी पहिल्यांदाच ऐकली. काही मोज्यांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एका पट्टीने जोडलेलं असतं, कारण पडताना करंगळी एकटीच बाहेर जाऊन मुरगळते. एकटं राहिलं की बिघडतं, असं आमच्या आजीचंही मत होतं, फक्त ते धाकट्या सुनेबद्दल होतं.

आतल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि 'ईएन १३५९४' असा आकडा असेल तर तो युरोपातल्या परीक्षेला बसून आलेला मोजा. खाली १ किंवा २ हा दर्जा लिहिलेला असतो, आणि गाठींच्या कवचाची चाचणी झाली असेल तर शेजारी केपी. घासण्याच्या यंत्रावर पहिल्या दर्जाच्या तळव्याने चार सेकंद टिकायचं, दुसऱ्याने आठ. चार सेकंद म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्याने ते घसरताना मोजून बघावेत. मी मुलाला पट्टी दाखवायला सांगितली. तिच्यावर 'हाताने धुवा' असं लिहिलं होतं.

यानंतर त्याने माझ्याशी गंभीरपणे बोलायला सुरुवात केली. बकरीच्या कातड्याचा एक जोड आला. ते मऊ आणि तरी चिवट असतं. गाईम्हशीचं जाड, आणि कांगारूचं पातळ असून दणकट, पण त्याची किंमत ऐकून कांगारूने स्वतःच ते आणून दिलं असावं असं वाटतं. बोटं आधीच किंचित वळलेली शिवली होती, म्हणजे हँडल धरल्यावर तळव्याशी चुण्या पडत नाहीत. त्या चुण्या दुकानात गोड दिसतात आणि खंबाटकी घाटापर्यंत फोड होतात. मी दुकानातल्या गाडीवर बसलो, क्लच दाबला, ब्रेकवर दोन बोटं ठेवली, इंडिकेटरचं बटण चाचपलं, खिशातून चिल्लर काढून पाहिली. मग मनगटाचा पट्टा आवळला आणि मुलाला म्हटलं, "आता बोटांच्या टोकांना धरून ओढ."

"काय काका?"

"ओढ. मोजा हातातून निघाला तर नको."

पडल्यावर पहिल्याच आपटीला मोजा उडून गेला तर तो जपून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मुलाने ओढलं. जोर कमी पडला म्हणून काउंटरवरचा दुसरा मुलगा आला. मी गाडीवर, ते दोघं माझ्या हाताला लोंबकळलेले, अशा अवस्थेत मालक आत आले आणि तसेच बाहेर गेले. मोजा निघाला नाही. बोटांच्या टोकाशी जरा घट्ट वाटतं म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "लेदर आहे काका, सुटेल." हे अर्धसत्य आहे. कातडं रुंदीला थोडं सैलावतं, पण लांबीला ते तुमच्या बोटाचं ऐकत नाही. टोक पहिल्या दिवशी नखाला लागलं तर शेवटच्या दिवशीही लागणार. म्हणून एक नंबर वरचा घेतला.

पावसाळ्याने बाकीचं शिकवलं. मोटारसायकलवर हात उतरते असतात, त्यामुळे मोज्यावरून रेनकोटची बाही घ्यावी. बाही मोज्यात खोचली तर बाहीवरचं सगळं पाणी मोज्यात उतरतं आणि ताम्हिणीपर्यंत पाच बोटांना पाच स्वतंत्र तलाव मिळतात. ओला हात बाहेर काढताना अस्तर बोटांना चिकटून उलटं बाहेर येतं. ते पुन्हा आत ढकलून प्रत्येक बोटाला त्याची खोली मिळवून देणं हे काम पेट्रोल पंपावर, मागे हॉर्न वाजत असताना करायचं नसतं. फोन चालवायची म्हणून तर्जनीच्या टोकाला जी जादूची शिलाई असते, ती दुकानातल्या एसीत चालते. आणि नव्या कातड्याचा काळा रंग पहिल्या पावसात हातावर उतरतो. ऑफिसात शिपायाने विचारलं, "साहेब, मतदान होतं का कुठे? दोन्ही हातांनी केलंत?"

धुवायचे तर हातातच घालून, सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायचे. उन्हात कातडं कडक होतं. आमच्या बाल्कनीच्या दोरीवर चिमट्यांना लावलेले ते दोन हात पाहून समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी कोण शरण आलं म्हणून चौकशी केली. वासाबद्दल घरात एक ठराव झाला आहे, त्याचा तपशील इथे देत नाही.

एवढं झाल्यावर हिने स्कूटरसाठी स्वतःला जोड हवा म्हणून सांगितलं. त्याच दुकानात गेलो. बायकांचा हात म्हणजे अरुंद पंजा आणि त्या मानाने लांब बोटं. पुरुषांचा सर्वांत लहान नंबर घेतला तर पंज्यात ढगळ आणि बोटांत आखूड होतो. मुलाने खालच्या कप्प्यातून गुलाबी जोड काढला. वर भरतकामाचं फूल.

"फूल राहू दे, तळवा दाखव," ही म्हणाली.

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, तळवा कोण बघतं?"

"कोणी बघत नाही ना? मग तेवढे पैसे कमी कर."