ऐकू न येणाऱ्याचा बंदोबस्त

शीळफाट्यावर माणसाला दोन गोष्टी मुबलक मिळतात, आवाज आणि वेळ. कल्याणकडून येणारे, पनवेलकडून येणारे, मुंब्र्याकडून उतरणारे आणि महापेला जाणारे असे सगळे इथे एकमेकांना भेटतात आणि एकदा भेटले की लवकर सोडत नाहीत. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर उचलून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रेलर मधोमध विसावलेले असतात. उरलेली जागा मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी घेतलेली. प्रगती म्हणावी तर ती जमिनीखाली आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, बरोबर शीळफाट्यालाच वर येतो. म्हणजे ताशी ३२० किलोमीटर धावणारी गाडी जिथे जमिनीतून डोकं वर काढणार, तिथेच आम्ही पहिल्या गिअरमध्ये असणार.

अशा ठिकाणी गाडीत बसलेला माणूस गाणी ऐकतो. माझा भाचा ती आसपासच्या गाड्यांनाही ऐकवतो.

ताईचं सासर कल्याण-शीळ रस्त्यावर, खिडकाळीच्या शंकराच्या देवळापासून फार लांब नाही. भाचा महापेच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, आणि मलाही त्याच बाजूला जायचं असलं की मी त्याच्या गाडीत बसतो. मागच्या सीटवर बसायची सोय आहे, पण तिथे पाठीला सतत कुणीतरी हाका मारत असल्याचा भास होतो. कारण डिकीत काळं कार्पेट चिकटवलेला एमडीएफचा एक खोका आहे. त्यात बारा इंची सबवूफर आणि त्याच्या शेजारी तळहात आत जाईल एवढी चीर. तिला पोर्ट म्हणतात. ताईने बाजारातून येताना पिशव्या ठेवायला पहिल्यांदा ती डिकी उघडली तेव्हा विचारलं होतं, "हे काय आहे?"

"बेस," भाचा म्हणाला.

"मग कांदे कुठे ठेवू?"

या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तर गावात हळद होती. आगरी घरातली हळद म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटणार नाही. रात्री दहाला डीजे बंद झाला, कारण दहा ते सहा ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही असा नियम आहे. हा नियम डीजेला आहे, गाडीच्या डिकीला नाही, अशी गावातल्या पोरांची प्रामाणिक समजूत. त्यामुळे दहा वाजून पाच मिनिटांनी मंडपामागच्या मोकळ्या जागेत ओळीने डिक्या उघडल्या गेल्या. भाच्याने कुठूनतरी उतरवलेलं 'बेस बूस्टेड' रिमिक्स लावलं. त्यात गाणं नावापुरतं होतं. पहिल्या मिनिटाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या मिनिटाला वूफरमधून 'टक्, टक्' असा आवाज आला, जणू आतून कुणी कडी वाजवतंय. मग एक 'खट्', आणि त्यानंतर फक्त वरच्या छोट्या स्पीकरांतून गायकाचा केविलवाणा गळा.

लग्नघरात माणूस आजारी पडला तर डॉक्टर शोधावा लागतो. वूफर पडला तर प्रत्येक जण डॉक्टर असतो. "कॉइल जळाली." "वायर निघाली." "दृष्ट लागली, त्या सफेद गाडीवाल्याची." मी वाकून वास घेतला. कॉइल जळते तेव्हा तिच्या तारेवरचं वॉर्निश जळतं. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. इथे वास फक्त हळदीचा आणि मटणाचा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर, सारखी टेकवून तो हळूच आत दाबला. खर्र. म्हणजे कॉइल जळाली नव्हती. ती आपल्या फटीतून उसळून तिरकी झाली होती, आणि तिला मध्यावर धरून ठेवणारं खालचं पिवळं कापड, ज्याला स्पायडर म्हणतात, ते फाटलं होतं. वूफर दोन कारणांनी जातो, जास्त तापून किंवा जास्त उडून. हा उडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तपासून निदान केलं की वूफर लहान पडतो, पंधरा इंची घ्या. या धंद्यात मी आजवर 'लहान घ्या' असं निदान ऐकलेलं नाही. वूफर तिथे रिकोन करायला टाकला, म्हणजे मॅग्नेट आणि सांगाडा जुनाच, आतला कोन, कॉइल, स्पायडर नवा. तोवर मी सीटखालच्या अॅम्प्लिफायरकडे पाहिलं. त्याच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे चार नॉब होते. गेन फुल. बेस बूस्ट फुल. लो-पास बरा होता, ८० हर्ट्झच्या आसपास. आणि चौथा, 'सबसॉनिक' लिहिलेला, १० ते ५० हर्ट्झपर्यंत फिरणारा, तो अगदी तळाला, १० वर. जसा कारखान्यातून आला तसाच. त्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचा साधा ओरखडाही नव्हता.

'सबसॉनिक' हा शब्द मला ओळखीचा होता, आणि तो मी कुठल्या गाडीत शिकलो नाही. माझ्या डोंबिवलीच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. उन्हाळ्यात डोंबिवलीतल्या वरच्या मजल्यावर माणसं वाकतात तिथे रेकॉर्डचं काय? वाकलेली तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे सुई दर पावणेदोन-दोन सेकंदांनी एक टेकडी चढते आणि उतरते. कानाला यातलं काही कळत नाही, माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली हिशेबच ठेवत नाही. पण अॅम्प्लिफायर इमानी असतो. तो ती टेकडी मोठी करून वूफरकडे पाठवतो. मग नाट्यपद चालू असताना, गायक अजून तानेवर आलेलाही नसताना, वूफरचा कोन आपला संथपणे पोट आत-बाहेर करतोय. असला फुकटचा व्यायाम थांबवायला जुन्या अॅम्प्लिफायरांवर 'सबसॉनिक' लिहिलेलं एक बटण असायचं. ते दाबलं की पोट थांबायचं, गाण्यात काडीचा फरक पडायचा नाही.

काडीचा फरक पडत नाही, इथेच तर सगळी अडचण आहे.

कल्याण फाटा ते शीळफाटा हे अंतर किती कमी आहे ते नकाशात पाहिलं तर कळतं. गाडीत बसून कळत नाही. त्या अंतरात मी भाच्याला हे शास्त्र पूर्ण समजावलं, शंकासमाधानासह.

"तेवढ्याच दणक्यासाठी आवाज जितका खाली न्यावा तितका कोन जास्त हलावा लागतो," मी म्हणालो. "वारंवारता निम्मी झाली की हालचाल चौपट. ६० हर्ट्झला १ मिलीमीटर हलत असेल तर ३०ला ४, आणि १५ला १६. तुझ्या वूफरची झेप एका बाजूला दहा-पंधरा मिलीमीटर. त्यापुढे वूफरची मागची पट्टी आहे, तिच्यावर कॉइल आपटते. तीच ती टक् टक्."

"पण मामा, पंधरा हर्ट्झ ऐकूच येत नाही ना?"

"नाही."

"मग त्रास काय?"

"ऐकू येत नाही म्हणून तू आवाज कमी करत नाहीस, हा त्रास."

तो गप्प झाला. शेजारी एक ट्रेलर इंजिन चालू ठेवून उभा होता. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर घुरघुरणारं सहा सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ३० वेळा पेटतं, म्हणजे ३० हर्ट्झ. भाच्याने हजारो रुपये मोजून जो सूर डिकीत बसवला होता, तो इथे शेजाऱ्याकडून मोफत मिळत होता. मी हे त्याला सांगितलं. आवडलं नाही.

खोक्याची भानगड वेगळीच. बंद खोक्यात आतली हवा कोनला मागून आवरते. पोर्टवाल्या खोक्याचं तसं नसतं. या खोक्याचं एक अमेरिकन पेटंट १९३२ सालचं आहे, बेल लॅबच्या आल्बर्ट थुरास यांचं, आणि त्याचं गणित पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी नीट बसवलं. पोर्टमधली हवा एका ठराविक सुरावर स्वतःच घुमते. त्या सुराला बहुतेक काम पोर्ट करतो आणि कोन जवळजवळ स्वस्थ असतो. त्या सुराच्या खाली गेलात की मात्र पोर्ट म्हणजे नुसतं भोक. कोन पुढे येतो तेव्हा पोर्ट हवा आत ओढतो, कोन मागे जातो तेव्हा बाहेर टाकतो, आणि दोघांचं कर्तृत्व बाहेर एकमेकांना खाऊन टाकतं. कोन जीव तोडून हलतोय आणि बाहेर आवाज नाही. शीळफाट्याच्या अगदी उलट. इथे आवाज सगळा आहे आणि कुणी हलत नाही.

"म्हणून खालचं आत येऊच द्यायचं नाही," मी समारोप केला. "फिल्टर लावायचा. खालचं कापून टाकायचं."

कापायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. बेस कापायचा? गावात तोंड कसं दाखवायचं? मी सांगून पाहिलं की कापायचं ते कुणाला ऐकूच येत नाही. पण ऐकू न येणारी गोष्ट कमी केली तरी माणसाला आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटतं. शिवाय नॉब फुल नसणं हे त्याच्या पिढीला सहन होत नाही. माझ्या पिढीलाही होत नसे, आमच्याकडे एकच नॉब होता एवढंच.

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. रिकोन केलेला वूफर बसवून आणल्यावर संध्याकाळी ताईच्या अंगणात गाडी लावली. खोका नेमका कुठल्या सुराला घुमतो ते कळल्याशिवाय फिल्टर लावणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मोबाइलवर शुद्ध सूर काढणारं अॅप घेतलं. बेस बूस्ट शून्यावर आणला, गेन खाली घेतला. कोनवर टाकायला तांदूळ हवे होते. ताईने घरातले द्यायला साफ नकार दिला, पण गाडीच्या कप्प्यात त्याच लग्नातल्या अक्षता निघाल्या, कुंकू लागलेल्या. वूफर खोक्यासकट आडवा केला, मधल्या टोपीवर चिमूटभर अक्षता ठेवल्या आणि मी टॉर्च धरला.

५० हर्ट्झला अक्षता थरथरत होत्या. ४५ला तशाच. ४०ला जरा शांत. ३६ला अशा स्वस्थ बसल्या की भाच्याला वाटलं वूफर पुन्हा गेला. पण खोका घुमत होता, अंगणातली बादली वाजत होती, आणि पोर्टसमोर त्याने हात धरला तर वारा लागला. "मामा, याच्यातून फूंक येते!" मग ३२. अक्षता पुन्हा उठल्या. २५ला त्या टोपीवरून उडून माझ्या चष्म्यावर आल्या. आणि आवाज? जवळजवळ नव्हताच. अंगणात पूर्ण शांतता, मध्ये वेड्यासारखा हलणारा कोन आणि दोन पुरुषांवर आपोआप पडणाऱ्या अक्षता. पलीकडच्या ओट्यावरच्या आजींनी विचारलं, "काय चाललंय?" ताई म्हणाली, "काय नाय, मामाभाचे खेळतात."

फिल्टर ३० वर लावला, म्हणजे घुमणाऱ्या सुराच्या थोडा खाली. त्याचा उतार अष्टकाला २४ डेसिबलचा. १५ हर्ट्झला पाचशे वॅट निघाले तर वूफरपर्यंत जेमतेम दोन पोचणार. पुन्हा अक्षता ठेवल्या, पुन्हा २५. जागच्या जागी किंचित हलल्या, बस. मग तेच बेस बूस्टेड रिमिक्स लावलं. बादली वाजली, खिडकीच्या काचा वाजल्या, टक् टक् नाही. भाच्याने पुढे-मागे करून पाहिलं, फिल्टर लावून आणि काढून. "फरक कळत नाही," तो म्हणाला. तक्रार होती की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काचांवरून एक आठवलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, पण ती मोजायची माणसाच्या कानाच्या मापाने. कान खालच्या सुरांना मंद, म्हणून मीटरही तिथे सूट देतो. ३१.५ हर्ट्झला ही सूट ३९ डेसिबलची. म्हणजे त्या सुराचा ९४ डेसिबलचा दणका मीटरवर ५५ दिसतो, कायद्याच्या काठावर हात जोडून उभा. खिडकीच्या काचेला ही सूट ठाऊक नसते. मी ही माहिती भाच्याला मुद्दामच दिलेली नाही.

ताईला मात्र दिली. ती शांतपणे कांदे निवडत होती. डिकीत जागा नसल्याने ते मागच्या सीटवरून आले होते आणि अर्ध्यांना मुका मार बसला होता.

"म्हणजे तो नॉब खालचं बंद करतो," ती म्हणाली.

"हो. तो ५०पर्यंत जातो."

"आणि दुसरा एक होता ना, लो-पास का काय?"

"तो वरचं बंद करतो. खाली ५०पर्यंत आणता येतो."

ती थोडा वेळ कांद्याची सालं काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही ५०वर आणले तर?"

मी घरात पाहिलं. भाचा अंघोळीला गेला होता. मग तिला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय ते सांगितलं, आणि कुठला नॉब उजवीकडे, कुठला डावीकडे तेही. सख्खी बहीण आहे.