आमचं सोशल मीडिया ना? ते भाचा बघतो!

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या कुठल्याही मसालेवाल्याला, पेढेवाल्याला किंवा साडीवाल्याला विचारा, "तुमचं इन्स्टाग्राम कोण चालवतं?" मालक नोटा मोजता मोजता सांगतात, "ते भाचा बघतो." आता तो बहिणीचाच मुलगा असतो असं नाही. साडूचा असेल, मेव्हण्याचा असेल, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचाही असेल. पण पदाचं नाव भाचा, आणि त्या न्यायाने मालक मामा. पुतण्याला मात्र या जागेवर सहसा घेत नाहीत. पुतण्याच्या हाती काही सोपवायचं म्हटलं की महाराष्ट्रातला काका जरा दचकतोच.

भाच्याची नेमणूक गुणांवर होते. मामांच्या फोनमधली जागा संपली होती, ती त्याने करून दिली. आजीला दुबईच्या नातीशी व्हिडिओ कॉल लावून दिला. एवढ्या अनुभवावर वडिलोपार्जित कांदा-लसूण मसाल्याची अब्रू त्याच्या हवाली होते. हेच मामा मिरची घ्यायची असेल तर स्वतः ब्याडगीच्या बाजारात जातात, देठ मोडून बघतात, हुंगतात, दलालाशी तासभर वाद घालतात. इथे मात्र "तू बघ रे जरा" एवढ्यावर काम भागतं. पगाराचा विषय निघत नाही. महिन्याचं रिचार्ज, गाडीत पेट्रोल, दिवाळीला शर्ट. वर "घरचाच तर आहे!"

पहिल्या आठवड्यात भाचा फॉलोअर विकत आणतो. दोन हजार माणसं एका रात्रीत मसाल्याची चाहती होतात. त्यांची नावं भाच्यालाही नीट वाचता येत नाहीत, बहुतेकांना डोकं नसतं, म्हणजे फोटोच नसतो. मामा खूश. चहा प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आकडा दाखवला जातो. या दोन हजारांपैकी एकाच्याही घरी पिठलं होत नाही, ही गोष्ट मामांच्या लक्षात येत नाही आणि भाच्याच्या लक्षात येऊन उपयोग नाही. इन्स्टाग्रामच्या मात्र लक्षात येते. पोस्ट टाकल्यावर सुरुवातीला ज्यांना ती दिसते त्यांनीच ढुंकून पाहिलं नाही, तर पुढे ती कोणाला दाखवायची कशाला, असा त्या यंत्राचा सरळ हिशेब असतो. म्हणजे विकत घेतलेली गर्दी फुकटात आलेल्या गिऱ्हाइकाची वाट अडवून बसते.

मग बूस्ट. निळं बटण दिसलं की भाच्याचा अंगठा थांबत नाही. वय अठरा ते पासष्ट, प्रदेश संपूर्ण भारत. गुवाहाटीचा कोणी एक लाइक देतो, भिलाईचा हात जोडतो. मिरजेच्या ज्या बाई मार्चमध्ये वर्षाचा मसाला कुठून घ्यावा या विचारात आहेत, त्यांच्यापर्यंत काही जात नाही. मामांनी दिलेले पाचशे रुपये संपतात. "रीच चांगला आला," भाचा सांगतो. मामा मान डोलावतात. रीच म्हणजे काय हे विचारायचा त्यांना संकोच वाटतो, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून भाच्याला हायसं वाटतं. दोघांचं नातं या संकोचावर टिकून आहे.

पुढे भिंतीवरचं 'कालनिर्णय' हेच भाच्याचं धोरण होतं. संकष्टी, प्रदोष, हनुमान जयंती, जागतिक परिचारिका दिन, जागतिक छायाचित्रण दिन. एकही दिवस सुटत नाही. शिवजयंती तर तारखेने एकदा आणि तिथीने एकदा, दोन्ही वेळा कोपऱ्यात हात जोडलेले मामा. मजकूर तयार असतो, फक्त सणाचं नाव बदलायचं. त्यामुळे गुड फ्रायडेला 'हॅपी' लागतं आणि हुतात्मा दिनाच्याही हार्दिक शुभेच्छा दिल्या जातात. तोही मजकूर जुन्या श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नीट न बदलता उचललेला, त्यामुळे 'हार्दिक'मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. खाली हॅशटॅग. एका पोस्टला तीस चालायचे तेव्हा भाच्याने तीसही भरले: लव्ह, इन्स्टागुड, फॉलोफॉरफॉलो. मसाला एकतिसावा होता, तो राहिला.

श्रद्धांजलीत भाचा खरा रंगतो. मोठं माणूस गेल्याची बातमी खरी की खोटी हे ठरायच्या आत त्याचं डिझाइन तयार. काळी पार्श्वभूमी, पणती, दिवंगताचा फोटो, आणि त्याहून किंचित मोठा मसाल्याचा लोगो. खाली फोन नंबर आणि 'होम डिलिव्हरी उपलब्ध'. यात भाच्याला एकट्याला हसण्यात अर्थ नाही. त्याची भावकी जगभर पसरलेली आहे. 2016 मध्ये गायक प्रिन्स गेला तेव्हा चिरिओज या अमेरिकन न्याहारीच्या ब्रँडने जांभळ्या रंगावर श्रद्धांजली लिहिली आणि त्यातल्या एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागी आपलाच एक दाणा बसवला. लोक भडकले, पोस्ट काढावी लागली. आणि 2014 च्या चार जुलैच्या निमित्ताने अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने स्वातंत्र्यदिनाची शोभा म्हणून आकाशातल्या धुराच्या लोटांचं देखणं चित्र टाकलं. तो धूर 1986 मध्ये सात अंतराळवीरांसह फुटलेल्या चॅलेंजर यानाचा होता. कंपनीने माफी मागताना सांगितलं की हे टाकणाऱ्या कर्मचाऱ्याचा जन्मच त्या दुर्घटनेनंतरचा, त्याला ठाऊक नव्हतं. वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर आपला भाचा! फरक एवढाच की तिथल्या मामांकडे वकील होते.

वकिलांची वेळ इकडेही येऊ शकते. 2021 मध्ये पी. व्ही. सिंधूने टोकियोत कांस्यपदक मिळवलं आणि देशभरच्या भाच्यांनी तिचा फोटो घेऊन त्यावर आपापला लोगो डकवून अभिनंदन केलं. तिचं काम पाहणाऱ्या कंपनीने, परवानगीशिवाय नाव आणि चेहरा वापरला म्हणून काही ब्रँडना कायदेशीर नोटिसा धाडायची तयारी केली. हे सांगितलं की भाचा म्हणतो, "अमूल नाही का करत?" अमूल करतं. त्यांची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून हे करते आहे, चित्र हाताने काढलेलं असतं, कोटी शोधणारी माणसं पगारी असतात, आणि कशावर गप्प बसायचं हेही ठरलेलं असतं. भाच्याकडे यातलं काही नसलं तरी आत्मविश्वास पुरेसा असतो.

आता मामांकडे वळू. कारण भाचा जे करतो ते मामांना हवं असतं म्हणून करतो. मामांना चौकातला फ्लेक्सच हवा आहे, फक्त खिशात मावणारा. पेज उघडा: मामांचा सत्कार, मामांचा वाढदिवस, मामा आमदारांसोबत, मामांच्या हस्ते फीत. एक रील आहे, त्यात मामा गोदामातून संथ गतीने चालत येतात आणि गॉगल चढवतात. मागे गाजलेल्या सिनेमाचं गाणं होतं. ते गाणं दुकानासाठी वापरायचे हक्क नव्हते, म्हणून आवाज कापला गेला. आता मामा निःशब्द चालत येतात, एखाद्या मूकपटातल्यासारखे, आणि हा पेजवरचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आहे.

आणि मसाला? तो डंकावर कुटलेला आहे की गिरणीतला, कांदा-खोबरं भाजून घातलंय की नाही, लवंगी जास्त आहे की रंगापुरती ब्याडगी, लहान मुलांना चालेल का, पुण्याला कुरियर होतं का, किलोला काय पडतो, यातलं एक अक्षर पेजवर नाही. हे सगळं मामांना तोंडपाठ आहे. दुकानात आलेल्या बाईला ते अर्धा तास सांगतात, चिमूटभर तळहातावर ठेवून वास घ्यायला लावतात. त्या अर्ध्या तासासमोर भाच्याने फोन धरला असता तर वर्षाचं काम झालं असतं. पण ते दोघांनाही 'कंटेंट' वाटत नाही. रोजच तर बोलतात मामा!

दर विचारला तर उत्तर ठरलेलं: "दरासाठी मेसेज करा." मेसेज केला की तो अनोळखी माणसाचा म्हणून विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडतो. असा कप्पा असतो हे भाच्याला कधीतरी पावसाळ्यात कळतं. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट केला की सगळ्यांना पोचला असं मामा धरून चालतात. तो पोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, म्हणजे मुख्यतः नातेवाइकांना. गूगलच्या नकाशावर दुकानाची खूण भाच्याच्या घरावर आहे, कारण नोंद करताना तो घरी लोळत होता. लोक मसाला मागायला तिथे जातात. भाच्याची आई भली, ती पाणी विचारते आणि रस्ता सांगते. आमच्या मते या संपूर्ण यंत्रणेतली गिऱ्हाइकाशी बोलणारी ती एकमेव व्यक्ती.

तक्रार आली तर? "या खेपेला मीठ फार आहे," असं कोणी लिहिलं की भाचा ती कमेंट उडवतो आणि लिहिणाऱ्याला ब्लॉक करतो. माणूस काय करणार, स्क्रीनशॉट काढून गावाच्या ग्रुपवर टाकतो. मग मीठ बाजूला राहतं आणि माज चर्चेला येतो. "बरोबर आहे, त्या घाण्यात मीठ चुकलं, पाकीट बदलून देतो," हे वाक्य मामा दुकानात सहज बोलतात. पेजवर बोलायला त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

चूक कशी निस्तरावी याचाही दाखला आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये अमेरिकन रेडक्रॉसच्या कर्मचारी बाईंच्या हातून स्वतःच्या बिअरपानाचं ट्विट चुकून संस्थेच्या खात्यावर गेलं. रक्तदान बघणारी संस्था आणि हे! त्यांनी ते ट्विट काढलं आणि सांगून टाकलं की संस्था पूर्ण शुद्धीत आहे, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत. लोक हसले, बिअरच्या चाहत्यांनी उलट देणग्या दिल्या. आमच्या भाच्याने गोव्याच्या सहलीची स्टोरी मसाल्याच्या खात्यावर टाकली तेव्हा मामांना ती चार दिवसांनी व्याह्यांकडून कळली.

पुढे भाच्याला हिंजवडीत नोकरी लागते. खातं त्याच्या जीमेलवर, ओटीपी त्याच्या नंबरवर, आणि पासवर्ड त्याच्या तत्कालीन मैत्रिणीच्या नावावर, जी आता तत्कालीनच आहे. तो फोन उचलत नाही. पेजवर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा तशाच लटकत राहतात. मामा म्हणतात, "या ऑनलाइनमध्ये काही दम नाही." आणि धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा बारावीला आहे याची त्यांना आठवण होते.

तेव्हा मामा, नवा भाचा नेमण्याआधी एवढं करा. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा, पोराला महिन्याचा पगार ठरवा, आणि सत्काराचा एक फोटो काढून तिथे किलोचा दर टाका. मार्चमध्ये "काय भाव?" असं विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या मिरजेच्या बाईंनी मसाला केव्हाच दुसरीकडून घेतला आहे. तो वर्षाचा असतो. त्या आता पुढच्या मार्चपर्यंत काही विचारणार नाहीत.