घरच्या घरी जॅझ-रॉक : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

या मार्गदर्शिकेचा लाभ घेण्यासाठी संगीताचं ज्ञान लागत नाही. लागतं ते घरात 'हे काय लावलंयस?' असं विचारणारं एक माणूस. तसं माणूस नसेल तर शेजारून बोलवावं. कारण जॅझ-रॉक फ्यूजन एकट्याने ऐकून पुरतं अंगी लागत नाही. कुणीतरी वैतागल्याशिवाय आपण काही उच्च दर्जाचं ऐकतोय याची खात्री पटत नाही.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरून घेऊ. कंपनीच्या वार्षिक समारंभात जेवणाआधी बासरी, कीबोर्ड, ड्रम आणि जीन्सवर कुर्ता घातलेला तबलजी मिळून जे वाजवतात, तेही फ्यूजनच. पण ते इथे अभिप्रेत नाही. त्याला मार्गदर्शिका लागत नाही, पास लागतो. इथे आपण बोलतोय ते साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जे घडलं त्याबद्दल. जॅझवाल्यांनी रॉकची वीज उचलली, रॉकवाल्यांनी जॅझच्या हरकती उचलल्या, आणि दोन्हीकडचे जुने श्रोते एकाच वेळी नाराज झाले.

धडा पहिला : आधी वाद, मग संगीत

एकही अल्बम ऐकण्याआधी 'पहिला फ्यूजन अल्बम कोणता?' या प्रश्नावर ठाम मत बनवून घ्यावं. ऐकल्यानंतर बनवायला गेलात तर ते ठाम राहत नाही.

सर्वसाधारण उत्तर म्हणजे जॅझमधला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याचा 'बिचेस ब्रू', १९७०. हे उत्तर देणाऱ्याकडे दर्दी मंडळी जरा दयेने बघतात. त्याहून वरच्या वर्गाचं उत्तर माइल्सचाच 'इन अ सायलेंट वे', १९६९. इथे समोरचा मान डोलावतो. तो मान डोलावत असतानाच आपण हळूच म्हणायचं, "हो, पण १९६७ चं काय?" आणि गप्प बसायचं.

१९६७ म्हणजे गॅरी बर्टनचा 'डस्टर'. बर्टन वाजवतो व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. रॉकशी त्याचा दुरूनही संबंध नाही. पण त्याच्या शेजारी उभा आहे लॅरी कोरिएल हा टेक्सासमध्ये जन्मलेला गिटारवाला, आणि तो जॅझच्या बैठकीत ब्लूजसारख्या तारा ताणतो. कोरिएल त्याआधी 'द फ्री स्पिरिट्स' नावाच्या बँडमध्ये होता. त्यांचा 'आउट ऑफ साइट अँड साउंड' १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. वरवर बघावं तर ती त्या काळची साधी, आटोपशीर रॉक गाणी. मध्येच जिम पेपरचा सॅक्सोफोन परवानगी न घेता जॅझच्या गल्लीत शिरतो, तेव्हा कान टवकारायचे.

यावरही समोरचा "आणि १९६३?" म्हणाला, तर तो लंडनच्या शाखेचा अभ्यासक आहे असं समजावं. तिथे ग्रॅहॅम बाँड नावाच्या माणसाच्या बँडमध्ये जॅक ब्रूस, जिंजर बेकर आणि जॉन मॅक्लॉफ्लिन एकत्र वाजवत होते. पहिल्या दोघांनी पुढे १९६६ मध्ये 'क्रीम' हा रॉक बँड काढला. तिसरा आपल्याला या मार्गदर्शिकेत पुन्हा पुन्हा भेटणार आहे. या टप्प्यावर वाद थांबवून अभ्यासकाला चहा द्यावा.

माइल्स रॉकच्या विजेकडे वळला याचं थोडं श्रेय त्याच्या बायकोलाही द्यावं लागतं. बेटी मॅब्री मॉडेल होती, पुढे स्वतः फंक गायिका म्हणून नावारूपाला आली. १९६८ मध्ये लग्न झालं. तिने नवऱ्याला जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन ऐकवले आणि त्याचे बेतलेले सूट कपाटात ढकलले. संसार वर्षभरच टिकला, वीज मात्र घरात राहिली. दुसरं कारण व्यवहाराचं. जॅझच्या क्लबांत खुर्च्या रिकाम्या पडत होत्या आणि रॉकच्या मैफलींना मैदानं अपुरी पडत होती. मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ४३ वर्षांचा माइल्स रॉकवाल्या नील यंगच्या आधी वाजवत होता. ज्येष्ठतेचा विचार केला तर हा अन्याय, आणि गर्दीचा विचार केला तर शहाणपणा. 'विकला गेला' असं म्हणणारे समीक्षक तेव्हाही होते, आजही आहेत. तुम्हीही अधूनमधून म्हणावं, बरं दिसतं.

धडा दुसरा : कात्री

पहिला अल्बम 'इन अ सायलेंट वे'च घ्यावा. कारणं दोन. तो शांत आहे, म्हणजे घरचं माणूस लगेच वैतागत नाही. आणि तो फसवा आहे.

१८ फेब्रुवारी १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एका खोलीत इलेक्ट्रिक कीबोर्डवर एक नाही, तीन माणसं बसली होती : हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल. सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, बासवर डेव्ह हॉलंड, ड्रमवर टोनी विल्यम्स. आणि गिटारवर मॅक्लॉफ्लिन, जो त्याच महिन्यात इंग्लंडहून आला होता, तोसुद्धा माइल्सकडे नाही, टोनी विल्यम्सच्या नव्या बँडसाठी. मुक्काम नीट टाकायच्या आत त्याला या खोलीत बसवलं. अल्बमच्या नावाची चाल झाविनुलची. तिच्यात बऱ्याच कॉर्ड रचलेल्या होत्या. माइल्सने जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि एका स्वरावर सगळ्यांना थांबवलं. षड्जावर रेंगाळणारी आलापी ज्याने ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत. वाजवणारे घरी गेल्यावर निर्माता टिओ मॅसेरो टेप आणि ब्लेड घेऊन बसला. दुसऱ्या बाजूला ती संथ चाल सुरुवातीला येते, मध्ये दुसरा तुकडा येतो आणि शेवटी ती चाल परत येते. 'वा, काय समेवर आणलं!' अशी दाद द्यायचा मोह होतो. द्या, पण मॅसेरोला. कारण ती चाल परत वाजवलेली नाही. तीच टेप कापून पुन्हा जोडली आहे, श्वासाश्वासासकट. पहिल्या बाजूलाही त्याने हाच उद्योग केला आहे : शेवटची सहाएक मिनिटं म्हणजे सुरुवातीचीच. शुद्धतावाद्यांना हे सांगितलं की ते हादरतात. माझ्या मते या संगीताचा जन्म निम्मा स्टुडिओत झाला आणि निम्मा त्या कापाकापीच्या टेबलावर.

हे पचलं की 'बिचेस ब्रू'. वडीलधाऱ्यांसमोर त्याचं नाव घेऊ नये, 'माइल्सचा तो डबल अल्बम' म्हणावं. हेंड्रिक्सने वुडस्टॉकच्या रॉक महोत्सवाचा शेवट केला १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी. माइल्स स्टुडिओत गेला १९ तारखेला. तीन दिवस. दोन ड्रमर, दोन बास, बेनी मॉपिनचा घोगरा बास क्लॅरिनेट. 'फेरोज डान्स' या वीस मिनिटांच्या तुकड्यात मॅसेरोने डझनाहून जास्त जोड दिले आहेत. ते शोधायच्या फंदात नवशिक्याने पडू नये, पहिल्या वर्षी तरी. परीक्षेला येणारी एकच गोष्ट लक्षात ठेवावी : या अल्बममधल्या ज्या तुकड्याचं नावच 'जॉन मॅक्लॉफ्लिन' आहे, त्यात माइल्स स्वतः वाजवत नाही.

धडा तिसरा : कव्हरची मागची बाजू

पुढची बाजू बघणारा गिऱ्हाईक, मागची वाचणारा दर्दी. फ्यूजनचे अल्बम शोधायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. प्रकारांची नावं, शंभर सर्वोत्तम वगैरे याद्या बाजूला ठेवाव्यात आणि वाजवणाऱ्यांची नावं वाचावीत. एक नाव आवडलं की ते दुसरीकडे कुठे सापडतं ते बघायचं. फेब्रुवारी १९६९ च्या त्या खोलीत बसलेल्यांनीच पुढे एकेक घराणं काढलं. झाविनुल आणि शॉर्टरचा 'वेदर रिपोर्ट', कोरियाचा 'रिटर्न टू फॉरएव्हर', मॅक्लॉफ्लिनचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा', हॅनकॉकचा 'हेड हंटर्स'.

आणि टोनी विल्यम्सचा 'लाइफटाइम', जो सगळ्यात आधी निघाला आणि सगळ्यात कमी ऐकला गेला. त्यांचा 'इमर्जन्सी!' १९६९ चा. टोनी माइल्सकडे आला तेव्हा १७ वर्षांचा होता, इथे २३ चा. सोबत मॅक्लॉफ्लिन आणि ऑर्गनवर लॅरी यंग. बासवाला नाहीच. ध्वनिमुद्रण इतकं फाटकं की पहिल्यांदा आपल्याच स्पीकरवर संशय येतो. तपासून घ्या, स्पीकर ठीक असतो. मधूनमधून टोनी गातो. तो गायला लागला की चहा ठेवायला उठावं. चहा होईपर्यंत तो परत ड्रमवर येतो. माझं वैयक्तिक मत असं की 'बिचेस ब्रू'ने जे धुक्यात दाखवलं ते या तिघांनी भर उन्हात आणून ठेवलं. हे मत मैफलीत सांगताना आवाज जरा खाली ठेवावा.

घरात भांडणं नको असतील तर माइल्सचाच 'अ ट्रिब्यूट टू जॅक जॉन्सन' लावावा. एप्रिल १९७० मध्ये कंटाळलेल्या मॅक्लॉफ्लिनने उगाच एक रॉकचा ठेका धरला, ड्रमवर बिली कोबम आणि बासवर मायकल हेंडरसन त्यात शिरले, आणि माइल्स नियंत्रण कक्षातून धावत आला. हर्बी हॅनकॉक त्या इमारतीत दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याला धरून ऑर्गनवर बसवलं. हे ऐकून घरातला तरुण मुलगा खोलीतून बाहेर येतो, असा अनुभव आहे.

धडा चौथा : मात्रा मोजणे

इथे मराठी श्रोत्याला घरबसल्या फायदा आहे. 'महाविष्णू'च्या 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) मधला याच नावाचा तुकडा अठराच्या आवर्तनात जातो. अमेरिकेतले रॉकचे श्रोते तिथे पाय आपटायला गेले आणि पाय हवेत राहिला. ज्याने रूपक आणि झपताल हातावर धरले आहेत तो निदान घाबरत नाही. पण मोजताना ओठ हलवू नयेत. समेवर चुकून पोचलात तर डोळे मिटून घ्यावेत, म्हणजे बघणाऱ्याला ते ठरवून केल्यासारखं वाटतं.

बँडचं नाव मॅक्लॉफ्लिनला त्याच्या गुरूंनी, न्यूयॉर्कमधल्या श्री चिन्मय यांनी दिलेल्या नावावरून आलं. यॉर्कशरचा हा गिटारवाला पांढऱ्या कपड्यांत, केस बारीक कापून उभा राहायचा आणि मग दोन दांड्यांची गिटार घेऊन कानठळ्या बसवायचा. व्हायोलिनवर जेरी गुडमन, कीबोर्डवर प्रागहून आलेला यान हॅमर, ड्रमवर पनामात जन्मलेला कोबम. बासवाला धरून पाच देशांचे पाच जण म्हणावेत इतकं वैविध्य, आणि १९७३ संपेपर्यंत भांडून वेगळेही झाले.

हर्बीचा 'हेड हंटर्स' (१९७३) पाहुण्यांसाठी राखून ठेवावा. त्यावर कुणीही नाचू शकतं. त्यातल्या 'वॉटरमेलन मॅन'च्या सुरुवातीला फुंकलेली बिअरची बाटली ऐकू येते. मुलांना सांगताना नुसतं 'बाटली' म्हणावं. बास क्लॅरिनेटवाला मॉपिन इथेही आहे, बघा, मागची बाजू.

१९७५ नंतरचं भराभर उरकावं. बोटं जास्त वेगाने चालू लागली आणि कारण कमी उरलं. 'रिटर्न टू फॉरएव्हर'च्या 'रोमँटिक वॉरियर'वर (१९७६) चिलखत घातलेला योद्धा आहे; वादनही साधारण त्याच पोशाखात. अपवाद 'वेदर रिपोर्ट'च्या 'हेवी वेदर'चा (१९७७), त्यातल्या जॅको पास्टोरियसच्या बिनपडद्यांच्या बाससाठी.

धडा पाचवा : घरची मंडळी

मॅक्लॉफ्लिन मात्र उलट्या दिशेने गेला. सगळे आवाज वाढवत असताना त्याने तारा भिंतीतून काढल्या आणि मुंबईच्या झाकीर हुसेनबरोबर, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विनायकराम यांना घेऊन 'शक्ती' काढला. त्याची गिटार खास बनवलेली होती. पडद्यांमधलं लाकूड खोल कोरलेलं, म्हणजे तार खाली दाबून वीणेसारखी मींड काढता यावी. शिवाय तरफेच्या तारा आडव्या टाकलेल्या. १९७६ चा पहिला अल्बम लावून वैतागणाऱ्या माणसाला शेजारी बसवावं. ते झाकीरसाठी ऐकतं, आपण मॅक्लॉफ्लिनसाठी ऐकतोय असं दाखवावं.

शेवटचा अभ्यास त्रिलोक गुर्टूचा 'उस्फ्रेट', १९८८. त्रिलोक मुंबईचा, तबला आणि ड्रम दोन्ही वाजवणारा, पुढे मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीतही होता. पहिल्याच तुकड्याचं नाव 'शोभारॉक', आणि गाणाऱ्या आहेत त्याच्या आई, बेळगावच्या शोभाताई गुर्टू. आतापर्यंत स्वयंपाकघरातून 'बंद कर ते' म्हणणारा आवाज इथे 'कोण गातंय?' असं विचारतो. लगेच उत्तर देऊ नये. आधी कव्हर उलटं करून हातात द्यावं. तिथे एल. शंकर सापडतो, तो 'शक्ती'चा. राल्फ टाउनर सापडतो. 'वेदर रिपोर्ट'च्या १९७२ च्या 'आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक'वर 'द मूर्स' या तुकड्यात बारा तारांची गिटार आहे ती त्याचीच. पुढच्या रविवारी तो अल्बम लावायचा. त्याच्या मागच्या बाजूवर आणखी पाच-सहा नावं आहेत.