फॉलआउटमधली भाऊबंदकी

फॉलआउट ३ हा व्हिडिओ गेम आवडतो म्हणणाऱ्याला अडाणी ठरवायचं आणि न्यू वेगास आवडतो म्हणणाऱ्याला शिष्ट, हा उद्योग आता दीड दशक चालू आहे. पुरे झालं.

अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडणारा पहिला फॉलआउट इंटरप्लेने १९९७ साली काढला, दुसरा पुढच्याच वर्षी त्यांच्या ब्लॅक आयल स्टुडिओने. २००३ मध्ये ब्लॅक आयलला टाळं लागलं. पुढे मालिका बेथेस्डा कंपनीकडे गेली आणि २००८ साली फॉलआउट ३ आला. वरून दिसणारा पट आणि पाळीपाळीने होणाऱ्या लढाया गेल्या, डोळ्यांसमोर थेट बंदूक आली. जुने खेळाडू बिथरले. २०१० चा न्यू वेगास बनवला ऑब्सिडियनने, म्हणजे ब्लॅक आयलमधून बाहेर पडलेल्यांनी उभारलेल्या कंपनीने. झालं, खरा वारस कोण यावरून भाऊबंदकी सुरू.

पण न्यू वेगास उभा आहे तो फॉलआउट ३ च्याच इंजिनवर. मनगटावरचा पिप-बॉय संगणक तोच, नेम धरायची व्हॅट्स पद्धतही तीच. एवढा अवाढव्य गेम साधारण दीड वर्षात झाला, तो या तयार पायामुळे. आणि व्हॅट्समध्ये नेमका अवयव निवडून गोळी घालायची सोय आली ती १९९७ च्या गेममधून. एकमेकांचं देणं इतकं असताना वाटणी कसली मागता?

भांडायचंच तर खऱ्या फरकावर भांडा. फॉलआउट ३ मध्ये व्हॉल्ट १०१ या भूमिगत निवाऱ्याचं दार उघडतं, उजेडाने डोळे दिपतात आणि समोर वॉशिंग्टनचा उजाड मुलूख पसरतो. वाट्टेल तिकडे चालू लागा. न्यू वेगासमध्ये शहर दुरून दिसत असतं, पण सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्स गावाहून सरळ उत्तरेला निघालात तर क्वॉरी जंक्शनचे डेथक्लॉ नावाचे राक्षसी प्राणी फाडून टाकतात. मग मुकाट्याने दक्षिणेचा वळसा. त्या वाटेवर निप्टन लागतं. सीझरच्या लीजन या फौजेने तिथे रस्त्याच्या कडेला माणसं क्रूसावर टांगलेली असतात. शहरात पोचेपर्यंत कोणाची बाजू घ्यायची याचा विचार तुमच्या डोक्यात घोळू लागलेला असतो. मला हा वळसा जास्त आवडतो. पण त्या दारातून बाहेर पडतानाचा मोकळेपणा न्यू वेगासकडे नाही, हेही तितकंच खरं.

८४ या आकड्याचीही अशीच लाठी झाली आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिकवर न्यू वेगासला ८५ गुण पडले असते तर ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता. एक गुण कमी पडला. ऑब्सिडियनच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ साली हे जाहीरपणे सांगितलं. राग यायचा तर समीक्षकांच्या गुणांवर माणसांची कमाई टांगणाऱ्या कराराचा यावा. फॉलआउट ३ खेळणाऱ्या पोराने कुणाचा बोनस कापला?

भांडणाचं ताजं निमित्तही असंच: २०२४ च्या फॉलआउट टीव्ही मालिकेत वर्गातल्या फळ्यावर शेडी सँड्स गावाच्या पतनाचं साल २२७७ दिसलं आणि २२८१ मध्ये घडणारा न्यू वेगास इतिहासातून पुसला म्हणून हलकल्लोळ माजला. त्या गावावरचा बॉम्ब न्यू वेगासनंतरच पडला, असा खुलासा बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांना करावा लागला. ज्या गावावरून हे रण पेटलं ते पहिल्या फॉलआउटमधलं मातीच्या भिंतींचं खेडं. तिथली टांडी नावाची मुलगी दुसऱ्या भागात एनसीआर म्हणजे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची अध्यक्ष झालेली भेटते. हे दोन्ही गेम आजही विकत मिळतात. दिसायला जुनाट आहेत, हाताळायला किचकट आहेत, पण सुट्टीत खेळून बघा.